नोहाच्या किनाऱ्यावरचे बेट

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोक परगण्यात, ऑर नदीच्या मुखाजवळ हॅवरगेट नावाचे छोटेसे बेट आहे. समोरच ऑर्फर्ड गाव. तेथील संत बार्थोलोम्यूच्या मंदिरात बेंजामिन ब्रिटन यांची नोहाच्या जलप्रलयावरील संगीतिका १९५८ साली प्रथम सादर झाली. या किनाऱ्याला तो विषय परका नव्हता.

हॅवरगेटभोवती मातीचे बांध घालून पूर्वी शेती होत असे, गुरे चरत असत. दुसऱ्या महायुद्धात सरावाच्या एका चुकार तोफगोळ्याने बांधाची उघाडी फुटली व खारे पाणी आत शिरले, असे सांगतात. शेतकऱ्याचे नुकसान झाले खरे. परंतु १९४७ साली त्या उथळ पाण्यात अ‍ॅव्होसेट पक्ष्यांनी घरटी केली. वर वळलेल्या चोचीचा हा काळा-पांढरा पक्षी इंग्लंडमधून वीण करणारा म्हणून सुमारे शंभर वर्षे नाहीसा झाला होता. दलदली आटवल्या गेल्या, अंडी लुटली गेली, बंदुका चालल्या. हीच त्याची कारणे. लवकरच पक्षीसंरक्षण संस्थेने बेट विकत घेतले. पुढे हा पक्षीच तिचे बोधचिन्ह झाला.

ज्या पाण्याने दिले, तेच न्यावयासही आले. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वादळी वाऱ्याने उत्तर समुद्राचे पाणी दक्षिणेच्या चिंचोळ्या भागात लोटले. त्यातच मोठी भरती होती. इंग्लंडमध्ये ३०७ आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. हॅवरगेटही पाण्याखाली गेले. ५ डिसेंबर २०१३ च्या उधाणात पुन्हा तेच घडले. पक्षी उडून जाऊ शकतात; बेटावरचे ससे कोठे जाणार? त्यांतील बरेच बुडाले.

अ‍ॅव्होसेट उघड्या जमिनीवर, पाण्यालगत अंडी घालतो. त्यामुळे विणीच्या दिवसांत वीतभर पाणी चढले तरी पिढी वाया जाते. पाणी मुळीच नसेल, तर पक्षी येतच नाही. म्हणजे प्रश्न समुद्र अडविण्याचा नाही, मापाने आत घेण्याचा आहे. १९०० पासून जगातील समुद्राची पातळी सुमारे २० सेंटीमीटर वाढली आहे आणि वाढतच आहे. बांध किती उंच करावयाचा? म्हणूनच काही ठिकाणी बांध मुद्दाम बुटका ठेवून, तो फुटू न देता पाणी वरून जाऊ देण्याची रीत पत्करली जाते.

नोहाने समुद्राशी भांडण केले नाही. त्याने तारू बांधले व त्यात प्राणिमात्रांना जागा दिली. हॅवरगेट हेही एक तारूच आहे. मात्र ते जागचे हलू शकत नाही. त्याची राखण करणाऱ्यांना दर हिवाळ्यात त्याच्या भिंती पुन्हा तपासाव्या लागतात.