वाटाण्याचा कोंब आणि ठाकरांची पोथी

पेडण्यातून पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्यामार्गे कुडाळकडे निघालं की पिंगुळी लागतं. इथल्या ठाकरांकडे चित्रकथीच्या पोथ्या आहेत. पोथी म्हणजे सुट्या कागदांवर रंगवलेल्या चित्रांचा गठ्ठा, एका आख्यानाचा एक. कथेकरी चित्र फळीला टेकवून उभं करतो, वीणा-टाळ-हुडुकाच्या साथीनं प्रसंग गातो आणि पुढचं चित्र लावतो. कागदावरचा भीम जागचा हलत नाही, तरी गदेचा घाव बसतो. तो गाणाऱ्याच्या गळ्यातून. पेडणं १७८८ साली पोर्तुगिजांकडे जाण्याआधी पिंगुळीसारखंच सावंतवाडीच्या मुलखात होतं. म्हणून पेडणे-डिचोलीच्या काला या लोकनाट्यात सोंडेचा मुखवटा चढवून गणपती होणारा नट या ठाकरांचा शेजारीच म्हणायचा.

सिनेमानं चित्र आणि नटाची जोडी पिंगुळीकडून उचलली, असं म्हणणं मात्र भाबडेपणाचं होईल. त्याची वाट वेगळी. अमेरिकेत १९०० साली जे. स्टुअर्ट ब्लॅकटननं पडद्यावर कागदावर बाटली रेखाटली आणि पुढच्याच क्षणी ती खरी होऊन त्याच्या हातात आली. युक्ती साधी: कॅमेरा थांबवायचा, वस्तू बदलायची, पुन्हा सुरू करायचा. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी हाच थांबा १९१२मध्ये कुंडीतल्या वाटाण्याला लावला. रोज थोडं थोडं टिपलेलं रोप पडद्यावर भराभर वाढलं, आणि ती फीत दाखवून त्यांनी पहिल्या चित्रपटासाठी भांडवल उभं केलं. पुढे १९१५मध्ये त्यांनी आगकाड्याही नाचवल्या. जादूचे प्रयोग करणाऱ्या माणसाला हे सुचणारच!

चित्र आणि नट एका चौकटीत आले की खरी पंचाईत नटाची. १९४५च्या ‘अँकर्स अवे’त जीन केली जेरी उंदराबरोबर नाचला, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी रिकाम्या जागेबरोबर नाचला. उंदीर नंतर चौकटीगणिक काढला. चकचकीत फरशीवर त्याचं प्रतिबिंबही काढावं लागलं. ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’मध्ये (१९८८) बॉब हॉस्किन्सनंही नसलेल्या सशाशी भांडण मांडलं.

माझ्या मते पिंगुळीच्या सर्वांत जवळ पोचला तो सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७). त्यात राम मोहन यांच्या चलच्चित्रात लॉर्ड डलहौसी संस्थानांच्या चेरी एकेक करून गिळतो आणि वर अमिताभ बच्चनचा आवाज आख्यान लावतो. चित्राला तिथे नट लागत नाही. कथेकरी मात्र लागतोच.