खोगिरापासून कमरेपर्यंत

तलवारीला म्यान आहे, बाणांना भाता आहे. पिस्तूल ज्या चामडी घरात राहते त्याला मात्र मराठीत आपण ‘होल्स्टर’च म्हणतो, फार तर ‘कव्हर’. ‘पिस्तूल’ हा शब्दही मूळचा पोर्तुगिजांकडून आलेला. भाषा शिकविणाऱ्या आम्हांला या उसन्या शब्दाने एका जुन्या प्रश्नाकडे नेले : बसून प्रवास करणाऱ्या माणसाने शस्त्र कोठे ठेवावे, वाहनावर की अंगावर?

या प्रश्नाचा एक दाखला जालना जिल्ह्याच्याच भूमीत आहे. हसनाबाद ज्या भोकरदन तालुक्यात आहे, त्या भोकरदनच्या परिसरात सप्टेंबर १८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा उतरल्या होत्या. त्यांच्या शोधात निघालेल्या आर्थर वेलस्लीची त्यांच्याशी गाठ पडली ती २३ सप्टेंबरला, असई येथे. त्या एका दिवसात वेलस्लीच्या मांडीखालचा एक घोडा गोळी लागून पडला आणि ‘डायोमेड’ नावाच्या दुसऱ्याच्या छातीत भाला घुसला.

घोडा पडण्याचा अर्थ केवळ पायउतार होणे एवढाच नव्हता. त्या काळच्या युरोपीय घोडदळाच्या खोगिरावर, स्वाराच्या गुडघ्यांपुढे, पिस्तुलासाठी चामडी पिशवी बांधलेली असे. तोड्याच्या बंदुकीला जळती वात सांभाळावी लागे; सोळाव्या शतकात चाक फिरवून ठिणगी पाडणारी कळ निघाली, तेव्हा कुठे घोड्यावरून एका हाताने पिस्तूल चालविणे सोयीचे झाले. पण ही पिस्तुले लांब आणि जड होती. कमरेला ती टोचत, खोगिरावर मात्र सहज हाताशी येत. गैरसोय एकच, पण मोठी : घोडा गेला की पिस्तूलही गेले. कमरेच्या शेल्यात खोवलेली कट्यार मात्र घोडा पडला तरी धन्यापाशीच राही.

पिस्तूल कमरेवर आले ते हलके झाल्यावर. १८४७ चे कोल्ट वॉकर रिव्हॉल्व्हर सुमारे दोन किलोंचे. त्याची जागा खोगिरावरच. १८५१ चे कोल्ट नेव्ही सुमारे १.२ किलोचे, ते पट्ट्याला लटकविता आले. १८५८ मध्ये उत्तर हिंदुस्थानातील लढाईत डावा हात गमावलेल्या सॅम ब्राऊन या अधिकाऱ्याने खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याची जोड कमरपट्ट्याला दिली. त्याच्या नावाचा तो पट्टा पुढे सैन्यात आणि पोलिसांत रूढ झाला.

मोटार आली आणि जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. उभ्या माणसाला सोयीचे होल्स्टर बसल्यावर अडचणीचे ठरते. कमरेच्या मागे ठेवावे, तर ते पाठीत रुतते. पोटाशी ठेवावे, तर हात पोहोचतो, पण नळीचा रोख मांडीकडे येतो. काखेत आडवे ठेवावे, तर नळी मागच्या आसनावरील माणसावर रोखलेली राहते. यात अमेरिकी सल्ला जसाच्या तसा उचलणेही धोक्याचे. तिकडे चालक डावीकडे बसतो आणि आसनपट्ट्याचे कुलूप त्याच्या उजव्या कमरेशी येते, म्हणून होल्स्टर डावीकडे पुढे ठेवण्याची शिफारस होते. आपल्याकडे कुलूप डावीकडे आणि शेजारचा प्रवासीही डावीकडे. त्यामुळे उजव्या हाताच्या माणसाला उजवी कमर किंवा तिच्या किंचित पुढची जागाच बरी : दाराजवळ कोपराला थोडी अडचण होते, पण शस्त्र दुसऱ्याच्या हातापासून दूर राहते. पट्टा ताठ हवा, चाप पूर्ण झाकलेला हवा, आणि होल्स्टर बसल्या जागी निसटता कामा नये. ते निवडताना उभे राहून नव्हे, आसनपट्टा लावून बसून पाहावे. अर्थात रिकाम्या शस्त्रानिशी.

येथे आरामाचा प्रश्न चैनीचा राहत नाही. जे टोचते ते माणूस काढून ठेवतो. पुढच्या खणात, नाही तर आसनाखाली. म्हणजे पिस्तूल पुन्हा खोगिरावर गेले! मग गाडीबरोबर ते चोरीला जाते, जोराचा ब्रेक लागला की घसरते, आणि खाऊ शोधणाऱ्या मुलाच्या हाती लागते. शिवाय गाडीत बसल्या बसल्या ते काढण्या-घालण्यातही अपघाताची भीती असतेच.

कायद्याचा कलही त्याच दिशेला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाने सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेताना ते अंगावरील होल्स्टरमध्ये किंवा योग्य पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात ठेवले पाहिजे. मिरवायला येथे जागा नाही.

‘हाताशी’ हा आपला साधा शब्द. पण कोणाच्या हाताशी, हे त्यात सांगितलेले नसते. असईच्या रणात ज्यांचे घोडे पडले त्यांना त्याचे उत्तर क्षणात कळले असेल. आज गाडीचा खण उघडताना ते आपण स्वतःला विचारून घ्यावे, इतकेच आमचे म्हणणे.