मात्रा चुकलेलं औषध

अब्बांच्या हाडांत कॅन्सर उतरला, ते साल २०१६. रात्री ते उशीत तोंड खुपसून कण्हायचे, घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. त्याच दिवसांत एक नातेवाईक कागदात गुंडाळलेली छोटी बाटली घेऊन आले. आत गांजाचं तेल होतं. ‘परदेशी वाण आहे, दुखण्यावर खास,’ असं ते म्हणाले. अब्बांनी बाटलीकडे पाहिलं आणि मला विचारलं, ‘बेटा, ये दवा है के नशा?’ मी पाहुण्यांना विचारलं, ‘किती थेंब द्यायचे?’ ते म्हणाले, ‘अंदाजाने.’

अब्बांचा तो प्रश्न आणि पाहुण्यांचं ते ‘अंदाजाने’ माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून पुढे मी या झाडाचा इतिहास वाचत गेलो.

आपल्याकडे या झाडाची ओळख जुनी. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि राळेचा चरस. तिन्हींची नावं वेगळी आणि जोरही वेगळा. वैद्यांनी तिला विजया म्हटलं, हकिमांनी तिचं माजून केलं. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात भांगेवर स्वतंत्र प्रकरण आहे. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाला रात्री पोर्तुगाल, तुर्कस्तान, इराण फिरून यावंसं वाटलं, की तो थोडी भांग खाई, अशी गोष्ट त्यात सांगितली आहे.

आधुनिक रुग्णालयात या झाडाची परीक्षा झाली ती कलकत्त्यात. विल्यम ब्रुक ओ’शॉनेसी हा आयरिश डॉक्टर तिथल्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवी. त्याचा गांजावरचा निबंध १८३९ सालचा. निबंध लिहिण्यापूर्वी त्याने इथल्या जाणकारांना विचारलं. पंडित मधुसूदन गुप्त आणि हुगळीच्या इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद केरामत अली यांचे आभार त्याने मानले आहेत. पंडित आणि मुतवल्ली एकाच निबंधात भेटतात, याचं मला फार अप्रूप वाटलं.

त्याने आधी कुत्र्या-मांजरांवर प्रयोग केले, मग संधिवाताच्या तीन रुग्णांना राळेचा एकेक ग्रेन, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, दिला. त्यातला एक जण दोन तासांत बडबडू लागला, गाऊ लागला, जास्तीचं जेवण मागू लागला. रात्री आठच्या सुमारास तो निपचित पडलेला आढळला. हात वर उचलून सोडला तर तो तसाच हवेत राहत होता. काही तासांनी तो शुद्धीवर आला, पण डॉक्टरला धडा मिळाला. हे औषध वेदना शमवतं, धनुर्वाताचे झटकेही सैल करतं. मात्र मात्रा जरा चढली की रोगी हातचा जातो की काय, असं वाटतं. हाच ओ’शॉनेसी पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं उभारून ‘सर’ झाला.

१८४२च्या सुमारास त्याने गांजा लंडनला नेला. पीटर स्क्वायर या औषधविक्रेत्याने त्याचा अर्क काढला आणि तो युरोप-अमेरिकेच्या दवाखान्यांत पोचला. राणी व्हिक्टोरियाचे वैद्य रसेल रेनॉल्ड्स यांनी १८९० साली तीस वर्षांचा अनुभव लिहून काढला. अर्धशिशी, नसांचं दुखणं यांवर औषध उत्तम. पण दर खेपेच्या मालाचा जोर निराळा, म्हणून थोड्यापासून सुरुवात करा, असा त्यांचा इशारा होता.

जोर निराळा का, याचं उत्तर आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक होतं. ब्रिटिश सरकारच्या १८९३-९४च्या चौकशी आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या. बंगालमध्ये ‘पोद्दार’ नावाचा पारखी शेतात फिरून नर रोपं उपटून टाकी, असं त्याच्या अहवालात आहे. मादी फुलाला पराग मिळाला नाही की बी धरत नाही आणि राळ वाढते. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातही गांजाची लागवड होती. शिवाय माल जुना झाला की जोर उतरतो. अशा मालाचा अर्क कुठे पाणी, तर कुठे विष.

अफूचं नशीब इथेच वेगळं ठरलं. तिच्यातलं मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वेगळं काढता आलं, ते पाण्यात विरघळे, सुईने टोचता येई आणि मिलिग्रॅममध्ये मोजता येई. गांजातला नशा आणणारा घटक, टीएचसी, इस्रायलच्या राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध रूपात वेगळा केला तो थेट १९६४ साली. तोवर ॲस्पिरिन आलं होतं, आणि ब्रिटिश औषधसंहितेतून गांजा १९३२ साली बाहेर पडला होता.

आज काही देशांत तो परवान्याने मिळतो. दुकानांत शेकडो वाण असतात, हा पाठीला, तो झोपेला. पण २०१९ साली नॉर्दर्न कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवेगळ्या दुकानांतून ३० वाणांचे नमुने आणून तपासले. एकाच नावाखाली आनुवंशिकदृष्ट्या वेगळी झाडं विकली जात असल्याचं आढळलं. म्हणजे वाणाच्या नावावरून दुखण्याचं औषध निवडणं म्हणजे पुन्हा अंदाजच. निवड करायची ती टीएचसी किती आणि नशा न आणणारं सीबीडी किती, यावरून. कॅनडात २००५ साली मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या वेदनांसाठी मंजूर झालेल्या फवाऱ्यात ही दोन्ही जवळपास समप्रमाणात मोजून घातलेली असतात.

तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१७ साली जुनाट वेदनांवर गांजाचा उपयोग होतो, याला भक्कम पुरावा असल्याचं म्हटलं. वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ साली पुरावा अपुरा ठरवून शिफारस करायचं टाळलं. आपल्याकडे १९८५च्या कायद्याने गांजा आणि चरस बाळगणं गुन्हा आहे. निव्वळ पान त्या व्याख्येत येत नाही, त्याला राज्यांचे कायदे लागू होतात. आणि भांग घातलेलं आयुर्वेदिक वा युनानी औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायचं असतं.

अब्बांना ते तेल आम्ही दिलं नाही. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, दर चार तासांनी एक. आम्ही घड्याळाचा गजर लावून त्या देत होतो. तिसऱ्या रात्री अब्बा सलग झोपले. फजरच्या वेळी उठून म्हणाले, ‘आज अजान पूरी सुनी.’

कविता लिहिताना मात्रा मोजायची सवय मला जन्माची आहे. एक चुकली तर ओळ अडखळते, एवढंच. दुखणाऱ्या माणसाच्या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही. अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर मी आता असं देईन: अब्बा, दवा आणि नशा एकाच झाडावर असतात. त्यांना वेगळं करते ती मोजलेली मात्रा, आणि त्या बाटलीवर ती लिहिलेली नव्हती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)