मावळतीच्या आत डोंबिवली



गेल्या आठवड्यात सूनबाईने ऑफिसातून फोन करून विचारलं, "आई, आज सूर्यास्त किती वाजता?" पंचांग माझ्या हाताशीच होतं. वेळ सांगितली आणि मग बराच वेळ तशीच बसून राहिले. हा प्रश्न आमच्या घरात आला तो डोंबिवलीमुळे. माझ्या सासूबाईंना लालबागमध्ये असेपर्यंत तो कधी पडलाच नव्हता.

सासरे लालबागच्या एका गिरणीच्या कचेरीत होते. चाळीपासून गिरणी दहा मिनिटांवर. पहिली पाळी सात ते साडेतीन, आणि कचेरीतली मंडळीही दिवस मावळायच्या आत घरी. संध्याकाळी पाच-साडेपाचला पानं मांडली जायची, सूर्यास्ताआधी दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटं, चूल शांत व्हायची. रात्रिभोजन त्यागासाठी त्यांना वेगळं काही करावं लागलं नाही. गिरणीचा भोंगाच नियम सांभाळायचा. त्या भोंग्याने कामगारांचं रक्त आटवलं हेही खरं आहे, पण सासूबाईंच्या आठवणीत तो जेवणाची वेळ सांगणारा राहिला.

मुंबईतून माणसं बाहेर सरकायला लागली ती फार आधी. 1896 ला प्लेग आला, गिरगाव-मांडवीच्या कोंदट वस्त्या सरकारच्या डोळ्यांवर आल्या, 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आखीव रस्ते पडले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्यातलीच. माझ्या माहेरच्या गिरगावात म्हातारी माणसं दादरला "लांब" म्हणायची! त्या हिशेबाने डोंबिवली म्हणजे परदेशच.

तिथे रेल्वे मात्र लवकर पोचली होती. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी, 1 मे 1854 ला, ती कल्याणला गेली. मधली डोंबिवली तेव्हा आगरी शेतकऱ्यांच्या भातखाचरांची. स्थानक नंतर झालं, आणि तेही बरीच वर्षं निवांत. 1916 ला पारसिकचा बोगदा खुला झाला, 1929 पर्यंत विजेची गाडी कल्याणला पोचली. तिला वीज पुरवायला शेजारच्या ठाकुर्लीत चोळे पॉवर हाऊस उभं राहिलं. 1924 मध्ये गावात गणेश मंदिर झालं. आज गुढीपाडव्याची शोभायात्रा सगळा महाराष्ट्र काढतो, ती 1999 मध्ये याच मंदिराने सुरू केली. आमच्या समाजातल्या किती जणींना हे ठाऊक आहे?

गावाचं शहर झालं ते भाड्याच्या कायद्याने, असं मला वाटतं. 1947 च्या कायद्याने मुंबईत भाडी गोठली. राहणाऱ्याला संरक्षण मिळालं, पण नवी चाळ बांधणं मालकाला परवडेना. जुन्या खोलीला पागडी, आणि पागडीला पैसा नाही. मुलांची लग्नं झाली की दहा बाय बाराच्या खोलीत पडदा लावायचा, नाहीतर लोकलने जिथे जागा परवडेल तिथे उतरायचं. लालबागला चिंचपोकळी आणि करी रोड ही मध्य रेल्वेची स्थानकं, म्हणून तिथली माणसं याच मार्गाने पुढे सरकत गेली. साठच्या दशकात एमआयडीसी आली, कारखाने आले. मग 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप मिटल्याचं रीतसर कुणी कधी सांगितलंच नाही. सासऱ्यांची गिरणी पुन्हा नीट चालली नाही. 1983 च्या ऑक्टोबरमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका झाली आणि 1984 मध्ये चाळीतली खोली देऊन, वर सासूबाईंच्या पाटल्या मोडून, आमच्या घराने डोंबिवलीत दोन खोल्या घेतल्या. सासऱ्यांना फोर्टमध्ये एका पेढीवर हिशेबाचं काम मिळालं. साडेपाचला सुटायचे.

आता हिशेब करा. फोर्ट ते डोंबिवली 48 किलोमीटर, फास्ट गाडीला तासाभराहून जास्त. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाला मावळतो. म्हणजे ज्या माणसाने चाळीस वर्षं दिवसाउजेडी घरी जेवण केलं, त्याचा दिवस आता भायखळ्याजवळच मावळायचा. पहिल्या हिवाळ्यात सासरे संध्याकाळी जेवलेच नाहीत. सासूबाई म्हणत, "तुम्ही उपाशी, मग मी कशी जेवू?" दोघांनी तो हिवाळा दुपारच्या एका जेवणावर काढला. वजनं उतरली, बोलणं कमी झालं. शेवटी सासूबाईंनी दुसरा डबा सुरू केला. दशम्या आणि मुगाची उसळ. पाच वाजता, पेढीच्या जिन्यात उभं राहून.

1986 ला मी लग्न होऊन आले. माझीही नोकरी फोर्टमध्येच, त्यामुळे दुसरे डबे दोन झाले. मे ते जुलै मात्र आमची चैन असायची. सूर्य सव्वासातपर्यंत थांबायचा, आणि लवकरची गाडी मिळाली तर घरी पोचता यायचं. दोन घटिकांचा नियम तेव्हाही पाळला जायचा नाही, सूर्यास्ताच्या आत एवढंच. पाऊस सुरू झाला, रुळांवर पाणी चढलं की तेही गेलं. गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरताना उजेड असायचा, बाहेर पडताना अंधार. बाकीच्या बायका कोपराने ढोसायच्या, "गेलं गं तुझं जेवण!" त्यांची चेष्टा प्रेमाची होती. त्यांच्यासारखी डब्यात भाजी निवडणं मात्र मला जमलं नाही. त्या दिव्याच्या उजेडात मटारातली अळी दिसणार कशी? 1992 मध्ये लेडीज स्पेशल सुरू झाली तेव्हा निदान बसायला जागा मिळू लागली.

या गावाने सासूबाईंना एक गोष्ट परत दिली, ती सांगायलाच हवी. लालबागमध्ये पाणी नळाचं. दुहेरी कापडातून गाळायच्या त्या, पण गाळण्यात राहिलेले जीव ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात सोडायचे, हे नळाच्या बाबतीत कसं करणार? बादलीत धुऊन मोरीत जायचे, आणि त्यांच्या मनाला ते बोचायचं. डोंबिवलीच्या इमारतीमागे विहीर होती. नळाला दिवसाआड पाणी, म्हणून सगळी सोसायटी कुरकुर करी, आणि सासूबाई रोज पहाटे दोरीने बादली अलगद खाली सोडून गाळणं पाण्याला टेकवून धुऊन येत. लग्नानंतर पहिल्यांदा नियम पुरा झाला, म्हणाल्या. मुंबईत देवदर्शनाला गुलालवाडीच्या दिगंबर मंदिरात जाता यायचं, इथे सुरुवातीला एका बिऱ्हाडातल्या चैत्यालयावर भागवावं लागलं. तरी त्या डोंबिवलीवर रागावल्या नाहीत, त्या विहिरीमुळे.

2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात गेली. विहीर त्याआधीच बुजली, तिच्यावर गाड्या उभ्या असतात. मुलगा-सून दोघं परळला उतरतात. जुन्या गिरण्यांच्या आवारात आता काचेच्या इमारती आहेत, तिथे त्यांची ऑफिसं. आजोबा दहा मिनिटं चालून जिथे जात, तिथे नातू 40 किलोमीटरवरून दारात लोंबकळत जातो. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ गाडीतून माणसं पडून मेली, त्या दिवशी त्याचा फोन लागेपर्यंत माझ्या हातातली जपमाळ पुढे सरकली नाही.

सून पाचला ऑफिसच्या पॅन्ट्रीत डबा उघडते. सोबतच्या दोन मुली आता तिच्याबरोबर बसतात, जैन नसूनही, रात्री दहाला जेवून पित्त वाढतं म्हणून. काल मी तिघींपुरत्या दशम्या दिल्या. आज सकाळी डबा भरताना ती म्हणाली, "आई, चटणी थोडी जास्त घाला, त्यांना आवडली."