थर्ड क्लासचा सैबेरिया

ट्रान्स-सैबेरियन म्हटलं की मखमली पडदे, चांदीचे चमचे आणि खिडकीत बसलेली फरकोटातली बाई आठवते. ही इमेज आपोआप तयार झालेली नाही. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात या रेल्वेचे आलिशान डबे मांडले होते. लोक आत बसायचे, खिडकीबाहेर रंगवलेले देखावे सरकायचे आणि पाऊण तासात पेकिंग यायचं! तेव्हा खरी लाइन पूर्णही झाली नव्हती. आधी डेमो, मग प्रॉडक्ट... आपल्या धंद्यात हे कुणाला नवीन आहे?

मी आणि बायको २०१६च्या जानेवारीत मॉस्कोहून इर्कुत्स्कला गेलो ते 'प्लात्सकार्त'ने. म्हणजे तिथला थर्ड क्लास. आपल्या स्लीपरचा सख्खा भाऊ म्हणा ना! दारं नाहीत, एका बाजूला चार बर्थ, पॅसेजच्या पलीकडे दोन साइडचे. आपल्याकडे एका खणात आठ माणसं, इथे सहा. असे नऊ खण, एकूण ५४ बर्थ. बाहेर उणे तीस आणि आत लोक टी-शर्ट आणि सपाता घालून, कारण डबा भट्टीसारखा तापवलेला. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा बंब, चोवीस तास फुकट. त्यामुळे आमचं जेवणाचं बजेट म्हणजे पुण्याहून नेलेली इन्स्टंट उपम्याची पाकिटं. स्टेशनवरची घड्याळं सगळीकडे मॉस्कोची वेळ दाखवायची. इर्कुत्स्कला पोचेपर्यंत स्थानिक वेळ पाच तास पुढे गेलेली. (१ ऑगस्ट २०१८पासून रेल्वेने स्थानिक वेळ लावायला सुरुवात केली. ज्यांनी टाइम झोनचे बग निस्तरलेत त्यांना मॉस्को वेळेचं महत्त्व वेगळं सांगायला नको.)

५,१८५ किलोमीटर. तिसऱ्या दिवशी बायको वरच्या बर्थवरून म्हणाली, "अरे, पण इतक्या लांबवर इतक्या स्वस्तात माणसं नेतात तरी कशासाठी?"

त्याचं थोडक्यात उत्तर असं की प्लात्सकार्तचं भाडं सरकार ठरवतं. पण खरं उत्तर बरंच जुनं आहे. ही लाइन स्वस्तात माणसं नेण्यासाठीच तर बांधली!

मे १८९१मध्ये व्लादिवोस्तोकला युवराज निकोलसच्या हस्ते कामाचा शुभारंभ झाला. (हाच युवराज त्याच सफरीत डिसेंबर १८९०मध्ये मुंबईत उतरला होता.) अंदाज होता ३५ कोटी रूबलचा, खर्च झाला त्याच्या दुपटीहून जास्त. तरी काटकसर काय कमी केली होती? हलके रूळ, लाकडी पूल, कामावर मजुरांबरोबर सैनिक आणि कैदी. परिणाम असा की सुरुवातीला गाड्या रखडत चालायच्या आणि नंतर बरंच काम पुन्हा करावं लागलं. बैकाल सरोवराला वळसा घालणं महाग, म्हणून इंग्लंडमधून सुट्ट्या भागांत बर्फ फोडणारं जहाज आणून गाड्या पाण्यावरून पलीकडे न्यायची सोय केली. १९०४ला जपानशी युद्ध पेटलं ते ऐन हिवाळ्यात. मग गोठलेल्या सरोवरावरच रूळ टाकले. पहिलं इंजिन बर्फ फोडून खाली गेलं, त्यानंतर डबे घोड्यांनी ओढून नेले.

हे किस्से सगळ्या पुस्तकांत असतात. मला जास्त ओढ वाटते ती डब्यांतल्या माणसांची. १८६१ला भूदासत्व संपलं, पण युरोपीय रशियातल्या शेतकऱ्याला पुरेशी जमीन मिळाली नाही. त्यात १८९१-९२चा भयंकर दुष्काळ. रेल्वे आली तशी सरकारने सैबेरियात वसायला जाणाऱ्यांना सवलतीचं भाडं दिलं. लोकही हुशार. आधी एक माणूस पुढे पाठवायचे, त्याला 'खोदोक' म्हणत. तो जमीन बघून यायचा, मग बाकीचे निघायचे. चेल्याबिन्स्कला त्यांची नोंद व्हायची, गरम जेवण मिळायचं, डॉक्टर तपासायचा.

आणि डबा कसला? मालडबा. मधोमध लोखंडी शेगडी, दोन्ही बाजूंना फळ्यांचे दुमजली बाक. नाव 'तेप्लुश्का', म्हणजे साधारण 'उबेचा डबा'. बाहेर क्षमता लिहिलेली असायची: ४० माणसं किंवा ८ घोडे. नवराबायको, पोरं, म्हातारी आई, ट्रंका... आठवडेच्या आठवडे. १९०६ ते १९१४मध्ये तीस लाखांहून जास्त लोक असे गेले. पंतप्रधान स्तोलिपिनच्या काळात खास वसाहतवाल्यांसाठी डबा आला: एका भागात कुटुंब, दुसऱ्यात जनावरं आणि अवजारं. लोक त्याला 'स्तोलिपिन' म्हणू लागले.

सगळ्यांचं भलं झालं असं नाही. लाखो लोक हात हलवत परतले. पण जे टिकले त्यांनी कमाल केली. पश्चिमेकडच्या जमीनदारांना स्वस्त सैबेरियन गव्हाची भीती वाटायची, म्हणून १८९६ला चेल्याबिन्स्कपाशी धान्याचं रेल्वेभाडं मुद्दाम चढवलं. मग सैबेरियाने गव्हाऐवजी लोणी पाठवायला सुरुवात केली! बर्फाने गार ठेवलेल्या डब्यांच्या खास गाड्या थेट बाल्टिक बंदरांपर्यंत जायच्या आणि तिथून लोणी इंग्लंड-जर्मनीला. थर्ड क्लासच्या प्रवाशांचं हे यश पॅरिसच्या कुठल्याच देखाव्यात नव्हतं.

पण तेच रूळ आणि तेच मालडबे पुढे वेगळ्या कामाला लागले. १९३०नंतर 'कुलाक' ठरवलेली शेतकरी कुटुंबं, १९४०ला पोलिश, १९४१ला व्होल्गाकाठचे जर्मन. तशीच शेगडी, तशाच फळ्या. फरक एवढाच की यांनी खोदोक पाठवला नव्हता आणि दार बाहेरून बंद असायचं. एक दांपत्य जमिनीच्या आशेने गेलं, दुसरं बंदुकीच्या धाकाने. डब्यावरून ओळखू येऊ नये.

हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि त्या स्तोलिपिन डब्याचं काय झालं?"

स्तोलिपिनला १९११मध्ये कीव्हच्या नाट्यगृहात गोळी घातली गेली. त्याच्या नावाचा डबा मात्र राहिला. कुटुंबाचा भाग पहारेकऱ्यांसाठी आणि जनावरांचा भाग कैद्यांसाठी सोयीचा होता, त्यामुळे तो कैदी नेण्यासाठी वापरात आला. आज रशियातल्या कैदी नेणाऱ्या डब्याची रचना पूर्ण वेगळी आहे, पण बोलीभाषेत तो अजूनही 'स्तोलिपिन'च. कैद्यांच्या कोठड्यांना खिडक्या नसतात. आणि तो बऱ्याचदा साध्या पॅसेंजर गाडीलाच जोडलेला असतो.