पॅरिसचे माळी आणि उभ्या शेतीचा जमाखर्च

उभ्या शेतीबद्दल आज आपल्याला बोलायचं आहे ते जमाखर्चाच्या अंगाने. भर शहरात शेती परवडते का, हा प्रश्न नवा वाटतो. पण एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये ती कित्येक दशकं परवडत होती. कशी, ते आधी पाहू.

तेव्हाचं पॅरिस घोड्यांवर चालत होतं. तबेल्यांतून रोज लिदीचे ढीग निघत. शहराच्या लेखी ती घाण. माळ्यांच्या लेखी ती ऊब. ताजी लीद कुजताना तापते. तिचा जाड थर घालायचा, त्यावर कुजलेल्या खताची माती पसरायची आणि वर काचेची तावदानं किंवा घंटेच्या आकाराची काचेची झाकणं ठेवायची. ऐन थंडीत आत सॅलडची पानं वाढत. मोरो आणि दावेर्न या दोघा माळ्यांनी १८४५ मध्ये या विद्येवर सविस्तर पुस्तकच लिहिलं. मळा जेमतेम एक-दोन एकरांचा, पण एका वाफ्यात वर्षाला अनेक पिकं. भाजी घेऊन गाडी बाजारात जायची आणि परतताना लीद भरून आणायची. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. इथे ते रोज फिटत होते.

जमीन मात्र पुष्कळदा भाड्याची. क्रोपोत्किन सांगतो की, भाडेकरार करतानाच माळी आपली माती उचलून नेण्याचा हक्क लिहून घेत. जमीन मालकाची, पण माती माळ्याच्या कष्टाची!

मग मोटारी आल्या, घोडे गेले, लीद आटली. मळ्यांवर इमारती चढल्या. माळ्यांचं कसब तेच होतं. ज्या उबेवर आणि जागेवर ते उभं होतं, ती गेली.

आता न्यूयॉर्कला येऊ. १९९९ मध्ये कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक डिक्सन डेस्पोमिएर यांच्या विद्यार्थ्यांनी हिशेब केला की, मॅनहॅटनच्या गच्च्यांवर शेती केली तरी तिथल्या जेमतेम दोन टक्के लोकांचं पोट भरेल. तेव्हा शेती इमारतीच्या आत, मजल्यावर मजला रचून करावी, ही कल्पना त्यांनी मांडली. जागेचा प्रश्न सुटला, पण ऊन बाहेर राहिलं. शेतकऱ्याला जे फुकट मिळतं, ते इथे विजेच्या बिलात आलं. म्हणून या कंपन्या पालेभाजीपलीकडे फारशा गेल्या नाहीत. दिव्याच्या उजेडात गहू पिकवणं कुणाला परवडणार? गुंतवणूकदारांचा पैसा होता तोवर हे झाकलं गेलं. पुढे व्याजदर चढले, पैसा आखडला. जून २०२३ मध्ये एअरोफार्म्सने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये बोअरी फार्मिंग बंद पडली.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं; गृहीतकं तपासणं हा आमचा धंदा. इथलं गृहीतक असं की, शहरात फक्त जमीन महाग आहे. जे फुकट मिळतं ते खतावणीत चढत नाही, आणि मग ते लागतं हेच आपण विसरतो.

उद्या आपल्या शहरात अशी योजना आली, तर यंत्रं बघून हरखून न जाता तीन गोष्टी विचाराव्यात. उजेड आणि ऊब कुठून येणार? शहराचं काय वाया जातं, ज्यावर हे चालेल? आणि भाडं वाढलं, तर पिकवणाऱ्याच्या हाती काय उरेल? तिसरा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. पॅरिसच्या माळ्याने तो करारातच लिहून घेतला होता.