कल्याणचे वाल आणि दुष्काळांतला रत्तल

कल्याणचा इतिहास म्हटला कीं आपले लेखक 'पेरिप्लस'मधल्या कल्लिएनापासून आरंभ करतात, कान्हेरीच्या लेण्यांत दानें कोरविणाऱ्या कल्याणच्या व्यापाऱ्यांची आठवण देतात आणि दुर्गाडीवरून थेट शिवकालांत उतरतात. या बंदरांतून काय गेलें व काय आलें याची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथल्या माणसांनीं रोज काय खाल्लें, हा प्रश्न मात्र इतिहासाच्या पंक्तीला सहसा कोणी बसवीत नाहीं.

उल्हास नदीच्या खोऱ्यांतली जमीन पावसाळ्यांत भाताची. भात कापून खळ्यावर गेलें कीं त्याच वाफ्यांतल्या उरलेल्या ओलीवर शेतकरी वाल पेरीत असे. पाटाचें पाणी नाहीं, वेगळें खत नाहीं. कडधान्यांच्या मुळांवरील गांठींतले जंतू हवेंतला नत्र बांधून ठेवतात, हें जर्मनींत हेलरीगेलनें १८८६ च्या सुमारास दाखविलें. आमच्या कुळवाड्याचें पीक त्यापूर्वीं कैक शतकें त्याच आधारावर उभें होतें. शंभर तोळे तांदळांत प्रथिनें सुमारें सात तोळे, तितक्याच वालांत चोवीस-पंचवीस. शिवाय तांदळाच्या प्रथिनांत लायसीन तोकडें, तें वालांत भरपूर; वालांत मेथिओनीन कमी, तें तांदूळ भरून काढतो. एकाच वाफ्यांतून निघालेलीं हीं दोन धान्यें ताटांतही एकमेकांची उणीव झांकतात.

कडवे वाल कच्चे खाण्याची वस्तु नव्हे. रात्रभर भिजवावे, फडक्यांत बांधून मोड आणावे, कोमट पाण्यांत घालून एकेक सोलावा, मग फोडणीला टाकावा. त्यांतला कडवटपणा व पचनाला अडविणारे पदार्थ या खटाटोपानें पुष्कळसे जातात. कोणी याला बिरडें म्हणतात, कोणी डाळिंब्या. जातीजातींचें वाटण निराळें, पण दोन दिवसांची मेहनत सर्वांची सारखीच, आणि ती बायकांची. कोळ्या-आगऱ्यांच्या घरीं याच्या जोडीला सुकट आणि सुके बोंबील. खाडीची व दर्याची मासळी बंद झाली कीं आषाढ-श्रावणांत तेंच त्यांचें प्रथिनांचें कोठार.

ही जोडी मोडली म्हणजे काय होतें, तें १८७७ सालीं दिसलें, आणि तें कल्याणवरून गेलेल्या रुळांच्या दुसऱ्या टोकाला दिसलें. कल्याणला आगगाडी १ मे १८५४ रोजीं आली. १८६३ त भोर घाट व १८६५ त थळ घाट पार झाल्यावर देशाकडे जाणारा लोहमार्ग येथूनच दोन फांट्यांनीं फुटूं लागला. १८७६-७८ च्या दुष्काळांत मुंबईचें धान्य याच मार्गानें पुणें-सोलापुराकडे चढलें. धान्य होतें, तें माणशीं किती द्यावें, हा वाद होता.

जानेवारी १८७७ त हिंदुस्थान सरकारनें पाहणीस धाडलेल्या सर रिचर्ड टेंपलनें ठरविलें कीं, दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत. मुंबई इलाख्यांतही मजुरी याच बेतानें उतरली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें अर्ज केले, हजारों मजुरांनीं कामें सोडलीं. त्याच वर्षीं टेंपल मुंबईचा गव्हर्नर झाला! मद्रासेकडे आरोग्यखात्याचा कमिशनर डॉ. कॉर्निश मात्र हट्टानें सांगत राहिला कीं, निदान दीड रत्तल धान्य हवें, शिवाय डाळ व भाजी हवी. मद्रास सरकार अर्धी वाट चाललें : वीस औंस धान्य व दीड औंस डाळ.

आजच्या हिशेबानें पाहूं. एक रत्तल म्हणजे ४५४ ग्रॅम. तितक्या तांदळांत प्रथिनें सुमारें ३२ ग्रॅम व उष्मांक सोळाशेंच्या आंतबाहेर. देशावरच्या जोंधळ्यांत प्रथिनें थोडीं अधिक, पण लायसीनची उणीव तीच. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारें ५० ग्रॅम प्रथिनें लागतात. खडी फोडणाऱ्याला उष्मांक तर सोळाशेंहून कितीतरी अधिक. उष्मांक अपुरे पडले कीं शरीर अन्नांतलीं प्रथिनेंही सरपणासारखीं जाळतें, आणि तीं संपलीं कीं स्वतःचे स्नायू. कॉर्निशची दीड औंस डाळ म्हणजे दहा ग्रॅम प्रथिनें. एवढ्याशा मुठीसाठीं कागदी लढाई झाली.

टेंपलला क्रूर म्हणून मोकळें होणें सोपें आहे. १८७४ च्या बिहारमधील दुष्काळांत त्यानेंच सढळ हातानें खर्च केला होता व त्याबद्दल उधळेपणाचा ठपका घेतला होता. पुढें हात आंखडला तो त्या ठपक्याच्या धाकानें, असें मला वाटतें. परंतु धाक त्याचा आणि उपास दुसऱ्याचे, हें त्यामुळें बदलत नाहीं.

कल्याण-डोंबिवलीच्या पुष्कळशा वाफ्यांवर आतां इमारती उभ्या आहेत. औषधांच्या दुकानांत प्रथिनांच्या भुकटीचे डबे मिळतात, आणि दर चमच्यास किती ग्रॅम तें त्यांवर छापलेलें असतें. सोललेले वाल बाजारांत आयते मिळतात; साध्या वालांहून ते महाग, कारण ज्या मेहनतीला घरांत कधीं मोल नव्हतें तिचें मोल त्या भावांत धरलेलें आहे. मुरबाडच्या बाजूला भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल अजून पेरतात.